मॉस बॉलची निगा: हिरवा गोळा घरच्या टाकीत वर्षानुवर्षं टिकवायचा कसा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक हिरवा गोळा आहे, लिंबाएवढा. हातात घेतला की ओल्या मखमलीसारखा लागतो. भिंग लावून पाहिलं की त्या मखमलीचे सुटे सुटे तंतू दिसतात. आतून बाहेर उभे राहिलेले, टोकाशी पोपटी आणि खाली गर्द हिरवे. हा गोळा माझ्याकडे सहा वर्षं आहे.

त्याच्या आधीचा मात्र चार महिन्यांत गेला. "याला काही लागत नाही, पाण्यात टाका आणि विसरून जा," असं मला सांगितलं होतं आणि मी तसंच केलं. खिडकीत ऊन येणाऱ्या जागी ठेवला, पाणी आटलं की वरून भर घातली. उन्हाळ्यात तो वरून पांढरट पडला. एका सकाळी उचलला तर खालची बाजू काळी झालेली, आणि बोटांत धरताच ती चिखलासारखी सुटून आली. वास इतका वाईट होता की बरणीही टाकून द्यावी लागली. फार हळहळ वाटली. आपल्या हातून एक जिवंत वस्तू केवळ माहितीअभावी गेली, हे मनातून जात नव्हतं. मग हा गोळा मुळात कुठे आणि कसा जगतो ते वाचायला घेतलं, आणि चूक कुठे झाली ते कळलं.

हा गोळा आहे तरी काय

मॉस बॉल हे नाव चुकीचं आहे. मॉस ही वेगळी वनस्पती, तिला बारीक का होईना पण पानं असतात. मॉस बॉल म्हणजे फांद्या फुटणाऱ्या तंतूंचं हिरवं शेवाळ. त्याचं शास्त्रीय नाव एगाग्रोपिला लिनेई. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली या शेवाळाची नोंद केली. एगाग्रोपिला या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. रानबकऱ्याच्या पोटात केस साठून जे गोळे होतात, त्यांचं हे नाव, आणि गोळा हातात घेतल्यावर ते का सुचलं असेल हे लगेच पटतं.

जपानमध्ये याला मारिमो म्हणतात. मारि म्हणजे चेंडू, मो म्हणजे पाण्यात वाढणारी वनस्पती. होक्काइडो बेटावरच्या अकान तलावात ताकिया कावाकामी या तरुण वनस्पती अभ्यासकाला १८९७ मध्ये हे गोळे दिसले आणि पुढच्याच वर्षी त्याने त्यांना हे नाव दिलं. १९२१ साली जपानने त्यांना नैसर्गिक स्मारकाचा आणि १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तिथले मोठे गोळे २० ते ३० सेंटिमीटर व्यासाचे असतात.

निगा राखणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची. हे शेवाळ जन्मतः गोल नसतं. निसर्गात ते तीन रूपांत सापडतं: दगडाला चिकटलेल्या झुपक्यात, तळावर मोकळ्या पसरलेल्या गादीसारखं, आणि गोळ्यात. पहिली दोन रूपंच जास्त ठिकाणी दिसतात. गोळा फक्त तिथे होतो जिथे तळ उथळ असतो आणि वारा सुटला की लाटा तळापर्यंत पोहोचतात. लाट गोळ्याला गडगडवते. त्यामुळे प्रत्येक बाजूला पाळीपाळीने उजेड मिळतो, वर बसलेला गाळ झटकला जातो आणि बाहेर वाढलेले तंतू दबून गोलाई टिकते.

आइसलँडच्या म्यवाट्न तलावातही असेच गोळे होते. तिथल्या पाण्यात पोषक द्रव्यं वाढली, पाणी गढुळलं, तळाशी उजेड पोहोचेनासा झाला आणि गाळ साचत गेला. २०१४ च्या सुमारास ते जवळजवळ नाहीसे झाले. त्यांना संरक्षण २००६ सालीच दिलेलं होतं.

थंड पाणी, सौम्य उजेड आणि लाट. या तीन गोष्टी तलाव पुरवतो. घरी पहिल्या दोन गोष्टी योग्य जागा बघून साधता येतात. तिसरी म्हणजे लाट. तिचं काम आपल्या हातांनाच करावं लागतं.

घेताना काय पाहायचं

मॉस बॉल म्हणून विकलं जाणारं सगळंच खरं नसतं. काही वेळा थर्मोकोलच्या किंवा फोमच्या गोळीवर जावा मॉस, म्हणजे टाकीत वाढवतात तो खरा मॉस, गुंडाळलेला असतो, काही वेळा सरळ प्लॅस्टिक असतं. ओळखायला दोन खुणा पुरतात. जवळून पाहिल्यावर इवली पानं दिसली तर तो मॉस आहे. खऱ्या गोळ्यात फक्त केसासारखे तंतू असतात. दुसरी खूण हाताची: खरा गोळा दाबल्यावर ओल्या स्पंजसारखा दबतो, पाणी सोडतो आणि मध्ये कडक काही लागत नाही. जावा मॉसचा गोळा वाईट असतो असं मुळीच नाही, पण त्याची निगा वेगळी आणि हा लेख त्याच्यासाठी नाही.

रंग एकसारखा गर्द हिरवा हवा. एखादा भाग तपकिरी असेल तर तो खालच्या बाजूचा आहे का ते बघा. तळाला टेकून राहिलेल्या बाजूला उजेड न मिळाल्याने असं होतं आणि ते सुधारतं. राखाडी, बुळबुळीत किंवा वास येणारा गोळा घेऊ नका. अगदी मोठा आणि अगदी रेखीव गोळा पाहून हुरळूनही जाऊ नका. या शेवाळाचा गोळा साधारणपणे वर्षाला पाचएक मिलिमीटरने वाढतो. म्हणजे पाच सेंटिमीटरचा गोळा आपोआप व्हायला दहाएक वर्षं लागतील. विक्रीतले बरेच गोळे सुटे तंतू एकत्र करून हाताने वळलेले असतात. तसे असले तरी चालतात, फक्त सुरुवातीला ते जरा सैल असतात आणि धुताना जास्त जपावे लागतात.

घरी आल्यावर लगेच टाकीत नको

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत दुकानांतून विकल्या जाणाऱ्या मॉस बॉलमध्ये जिवंत झेब्रा शिंपले सापडले. हे शिंपले मूळचे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातले. नव्या जलाशयात शिरले की झपाट्याने वाढतात, पाइपांत थर धरतात आणि तिथल्या मूळ जीवांचं अन्न पळवतात. गोळ्याच्या तंतूंत अडकून ते एका देशातून दुसऱ्या देशात गेले. तेव्हा गोळा आणला की आधी पांढऱ्या भांड्यात थोड्या पाण्यात ठेवा आणि चांगल्या उजेडात बोटांनी तंतू जरासे विलग करत सगळीकडून तपासा. तपकिरी आणि फिकट पट्ट्यांचा, एका टोकाला निमुळता असा बारीकसा शिंपला दिसतो का? वाळूच्या कणासारखं कडक काही बोटाला लागतं का?

शिंपला दिसला तर गोळा वाचवायच्या मोहात पडू नका. तो किमान एक मिनिट खळखळ उकळा किंवा २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका. ज्या पाण्यात तो होता ते पाणीही उकळूनच ओता. आणि शिंपला असो वा नसो, नकोसा झालेला गोळा किंवा त्याचं पाणी ओढ्यात, तळ्यात, विहिरीत कधीही सोडू नका.

शिंपल्याखेरीज आणखीही पाहुणे असतात. गोगलगाईची चिकट, पारदर्शक अंडी बोटाने पुसून काढता येतात. युट्रिक्युलारिया नावाची एक कीटकभक्षी पाणवनस्पतीही तंतूंत गुंतून येते. तिचे धागे गोळ्याच्या तंतूंपेक्षा फिकट असतात आणि त्यांना सूक्ष्म फुगे लटकलेले असतात. या फुग्यांत ती पाण्यातले बारीक जीव पकडते. दिसली की चिमट्याने तिचा एकेक धागा ओढून काढा. ती मागे राहिली तर वर्षभरात गोळ्याच्या आरपार जाते आणि मग दोघांना वेगळं करणं फार कठीण होतं.

तपासून झालं की गोळा क्लोरीन काढलेल्या पाण्यात तीनचार वेळा हलकेच दाबून धुवा आणि दोनतीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवा. दर पाचसहा दिवसांनी पाणी बदला, बदलताना तळाशी काय पडलंय ते बघा. अंड्यांतून काही निघायचं असेल तर या काळात निघतं.

बरणी, टाकी आणि पाणी

गोळा एकटाच ठेवायचा असेल तर रुंद तोंडाची दोनतीन लिटरची काचेची बरणी पुरते. अगदी लहान बाटल्यांत किंवा पेंडंटमध्ये घालून विकतात ते मला पटत नाही. इतकं थोडं पाणी तासाभरात तापतं आणि तितक्याच लवकर निवतं. बरणीचं तोंड आपला हात आत जाईल एवढं हवं, कारण गोळा सारखा बाहेर काढायचा असतो. तळाला काही घातलं नाही तरी चालतं. घालायचंच तर गुळगुळीत गोटे घाला. बारीक वाळू तंतूंत शिरून बसते आणि धुताना निघता निघत नाही.

माशांच्या टाकीत ठेवणार असाल तर फिल्टरच्या शोषणाऱ्या तोंडावर स्पंज लावा. नाहीतर गोळा तिथे ओढला जाऊन चिकटतो आणि एका बाजूने फाटत जातो. प्रवाह सौम्य ठेवा. फिल्टरचं पाणी जिथे परत पडतं त्या बाजूला, पण थेट झोताखाली नाही, अशी जागा चांगली. तिथे तो आपोआप अधूनमधून हलतो.

पाण्याच्या बाबतीत गोळा हट्टी नाही. मऊ किंवा जड, किंचित आम्ल किंवा किंचित अल्कधर्मी, सगळं त्याला चालतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तेवढं काढायला हवं. साध्या क्लोरीनसाठी पाणी रुंद भांड्यात २४ तास उघडं ठेवलं की पुरतं. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते उघडं ठेवून उडत नाही, त्याला डीक्लोरिनेटरचे थेंबच घालावे लागतात. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. निम्मं नळाचं मिसळा.

बरणीचं पाणी गारव्यात दोन आठवड्यांनी आणि उकाड्यात आठवड्याला बदला. टाकीत मासे असतील तर त्यांच्यासाठी आठवड्याला जे पाव हिस्सा पाणी बदलता, तेच पुरे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "मॉस बॉल टाकला की पाणी शुद्ध राहतं" असं सर्रास सांगतात. तो नायट्रेट शोषतो हे खरं, पण जो वर्षाला पाच मिलिमीटर वाढतो तो शोषून शोषून किती शोषणार? त्याच्या भरवशावर पाणी बदलायचं थांबवू नका. खतही घालायला नको. माशांच्या टाकीत त्याला हवं ते सगळं मिळतं, आणि बरणीत नळाचं ताजं पाणी तेच काम करतं.

उजेड

थोडक्यात सांगायचं तर सावलीतला उजेड, दिवसाला सहा ते आठ तास. खिडकीपासून दोन हात आत, जिथे दिवसा दिवा न लावता वाचता येतं पण ऊन कधीच पडत नाही, ती जागा उत्तम. टाकीत एलईडी प्रखर असेल तर गोळा मोठ्या पानांच्या झाडाखाली किंवा लाकडाच्या आडोशाला ठेवा. उन्हाने दोन नुकसानं एकदम होतात. तंतूंचा रंग उडतो आणि बरणीतलं पाणी तापतं. शिवाय जास्त उजेडात दुसरी चिवट शेवाळं गोळ्यावर बसतात, आणि ती याच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात.

गारवा

माझा पहिला गोळा उजेडाने जेवढा गेला त्याहून जास्त उष्णतेने गेला. अकान तलाव हिवाळ्यात गोठतो, बर्फाखाली हे गोळे महिनोन् महिने राहतात. थंडीचं त्यांना काही वाटत नाही. १५ ते २४ अंश सेल्सियस हा त्यांच्यासाठी सुखाचा पट्टा. २५-२६ च्या वर पाणी दिवसेंदिवस राहिलं की वाढ थांबते, आणि २८ च्या वर टिकलं की आतला भाग कुजायला लागतो. बाहेरून तो तेव्हाही हिरवाच दिसत असतो, म्हणून फसगत होते.

तेव्हा पहिला खर्च थर्मामीटरवर करा. खोलीच्या हवेवरून पाण्याचा अंदाज बांधू नका. दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्याचं तापमान बघा, दिवसातलं जास्तीत जास्त साधारण तेव्हाच असतं.

उकाड्याच्या दिवसांत बरणी घरातल्या सगळ्यात खालच्या आणि आतल्या जागी हलवा. फरशीवर ठेवली तरी टेबलावरच्यापेक्षा दोनेक अंशांचा फरक पडतो. मातीच्या पसरट भांड्यात पाणी घालून त्यात बरणी ठेवली तर मातीतून पाणी पाझरून उडतं आणि बरणी गार राहते. टाकीवर छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागाला वारा लागेल असा लावला की तापमान दोनतीन अंशांनी उतरतं, फक्त पाणी लवकर आटतं म्हणून भर घालत राहावी लागते. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नका. तापमान झपकन उतरतं, विरघळलं की तितकंच झपकन चढतं, आणि या चढउताराचा त्रास गोळ्यापेक्षा सोबतच्या माशांना अधिक होतो.

आणि एवढं करूनही पाणी २७-२८ च्या खाली येत नसेल तर सरळ फ्रिज. ऐकायला विचित्र वाटतं, पण याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. झाकणाच्या बरणीत पाणी घालून गोळा खालच्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे पाणी गोठू शकतं. मी दर उन्हाळ्यात तीनचार आठवडे असं करते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाणी बदलते आणि काही तास खोलीतल्या सौम्य उजेडात ठेवते. इतक्या थंडीत त्याचे सगळे व्यवहार मंदावलेले असतात, त्यामुळे अंधारात काही दिवस राहिल्याने बिघडत नाही. बाहेर काढताना मात्र बरणी जशीच्या तशी बाहेर ठेवा आणि पाणी आपोआप खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

फिरवणं आणि धुणं

आता लाटेचं काम. याचे दोन भाग आहेत.

फिरवणं रोजचं किंवा दोन दिवसांआडचं. बरणी तळहातावर धरून हळूच गोल घुमवली की गोळा आत स्वतःभोवती वळतो आणि वेगळ्या बाजूवर बसतो. टाकीत असेल तर स्वच्छ, साबण न लागलेल्या बोटांनी किंवा काठीने ढकला. कुठली बाजू वर होती हे लक्षात राहत नाही, आणि ठेवायची गरजही नाही. लाट कुठे हिशोब ठेवते? महिन्याभरात सगळ्या बाजू वर येऊन जातात.

धुणं दोन आठवड्यांनी, पाणी बदलताना. हे नीट सविस्तर सांगते, कारण इथेच हात चुकतो.

मोठ्या पांढऱ्या भांड्यात क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, तापमान बरणीतल्या पाण्याइतकंच. गोळा ओंजळीत घेऊन संपूर्ण पाण्याखाली न्या. दोन्ही तळहात त्याच्या भोवती वाटीसारखे धरा आणि सगळीकडून सारखाच दाब देत सावकाश दाबा. दोन बोटांत चिमटीत धरून पिळायचं नाही, कपडा पिळतात तसा पीळ तर मुळीच द्यायचा नाही. पहिल्या दाबाला गोळ्यातून तपकिरी धुरासारखा गाळ बाहेर येतो आणि पाण्यात सावकाश पसरतो. हाच तो गाळ जो तंतूंच्या मध्ये बसून उजेड अडवतो आणि आत कुजायला लागतो. दाब सोडा, गोळ्याला पाणी पिऊन पुन्हा फुगू द्या. परत दाबा. चारपाच वेळा केलं की निघणारं पाणी स्वच्छ दिसायला लागतं. तिथे थांबा.

मग गोळा पाण्याबाहेर काढून ओल्या तळहातांच्या मध्ये ठेवा आणि अगदी हलक्या हाताने गोल फिरवा, दहाबारा वेळा. कुठे तंतू बाहेर आले असतील तर ते या फिरवण्यात परत अंगाला लागतात. गोळा एका बाजूने चपटा झाला असेल तर चपट्या बाजूवर नाही, तिच्या दोन्ही कडांवर जरा जास्त फिरवा, म्हणजे कडा आत येतात आणि चपटेपणा भरत जातो. भांड्याच्या तळाशी काही हिरवे तंतू सुटून पडलेले दिसतील. थोडे पडणारच. मूठभर पडले तर दाब जास्त होतोय असं समजा.

बुडत नाही किंवा अचानक वर येतो

नवीन आणलेला किंवा नुकताच धुतलेला गोळा तरंगत असेल तर आत हवा अडकलेली असते. पाण्याखाली धरून दाबा, बुडबुडे निघून जातील आणि तो बसेल. हळूहळू स्वतःही बुडतो, एकदोन दिवस लागतात.

बुडलेला गोळा दुपारी वर येऊन संध्याकाळी परत खाली गेला तर काळजी करू नका, तो क्षण बघा. प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या ऑक्सिजनचे बुडबुडे तंतूंत अडकतात आणि गोळा वर उचलला जातो. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हे प्रयोग करून दाखवलं. प्रकाशसंश्लेषण रसायनाने थांबवलेले गोळे तरंगलेच नाहीत. त्यांना असंही दिसलं की गोळ्याला दिवसरात्रीचं घड्याळ आहे. मंद लाल उजेडात दिवस काढल्यानंतर गोळ्यांवर जेव्हा प्रखर उजेड पाडला, तेव्हा त्यांच्या सकाळच्या वेळेला ते लवकर वर आले आणि दुपारच्या वेळेला उशिरा. माझा गोळा पहिल्यांदा असा वर आला तेव्हा त्याच्या अंगभर टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी मणी लागलेले होते, आणि मी हातातलं काम टाकून अर्धा तास त्याच्यासमोर बसले होते.

रंग बिघडला तर

फिकट किंवा पांढरट: उजेड जास्त झाला. जागा बदला, महिना-दीड महिना वाट पाहा.

तपकिरी: आधी धुऊन बघा. निम्म्याहून जास्त वेळा तो गाळ किंवा वर बसलेलं दुसरं शेवाळ असतं. धुऊनही जात नसेल तर पाण्याचं तापमान बघा, आणि गोळा दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. याउप्पर एक मिठाचा उपाय आहे. हे शेवाळ बाल्टिक समुद्राच्या मचूळ पाण्यातही सापडतं, म्हणून थोडं मीठ ते सोसतं, वरचे आगंतुक तेवढं सोसत नाहीत. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आयोडीन नसलेलं मीठ विरघळवून त्यात गोळा तासभर ठेवा आणि साध्या पाण्यात धुऊन घ्या. हे वेगळ्या भांड्यातच करायचं. टाकीत मीठ टाकलं तर झिंगे, गोगलगाई आणि इतर झाडांना ते बाधतं.

लांब, बुळबुळीत, हिरवे केस गोळ्यावरून लोंबत असतील तर ते दुसरं शेवाळ आहे. चिमट्याने खेचून काढा. इथे शेवाळनाशक औषधाचा विचारही मनात आणू नका. मॉस बॉल स्वतः शेवाळ आहे, ते औषध त्यालाही मारेल. टाकीत दुसऱ्या कारणाने शेवाळनाशक, तांब्याचं औषध किंवा टाकीतल्या झाडांसाठी मिळणारं बाटलीतलं लिक्विड कार्बन वापरायचं असेल तर गोळा आधी बाहेर काढून वेगळ्या बरणीत ठेवा.

राखाडी, काळा, वास येणारा: हे कुजणं आहे आणि इथे उशीर परवडत नाही. गोळा भांड्यात घेऊन मधोमध हलकेच उकला. कुजलेला भाग काळपट असतो आणि बोटाला लागताच सुटतो, निरोगी भाग ओढल्यावर ताण घेतो. सुटणारं सगळं काढून टाका, मग ते निम्म्याहून अधिक का असेना. उरलेलं स्वच्छ धुऊन परत वळा. एक गोष्ट उकलताना लक्षात ठेवा: निरोगी गोळ्याचा आतला भागही अंधारात असूनही हिरवाच असतो. तो राखीव साठा आहे. बाहेरचा भाग गेला तरी आतला उजेडात आला की कामाला लागतो.

टाकीतले सोबती

नियोकॅरिडिना जातीचे छोटे झिंगे हे या गोळ्याचे सगळ्यात चांगले शेजारी. दिवसभर त्याच्यावर बसून तंतूंवरचे सूक्ष्म जीव आणि अन्नाचे कण वेचतात, गोळ्याला धक्का लावत नाहीत, आणि त्यांनाही २०-२४ अंशांचं पाणी मानवतं. गोल्डफिशला थंड पाणी चालतं, पण तो गोळा उपसून फस्त करतो. क्रेफिश (नांग्यांचे मोठे झिंगे) आणि मोठे प्लेको (तळाशी खरवडून खाणारे मासे) यांच्याजवळही ठेवू नका. उष्ण पाण्यात राहणाऱ्या, २७-२८ अंश लागणाऱ्या माशांच्या टाकीत गोळा काही महिने तग धरतो म्हणून लोक ठेवतात. मी तसं करायला सांगणार नाही. बेट्टा, म्हणजे फायटर माशासोबत ठेवायचाच असेल तर पाणी २५ च्या आसपास ठेवा आणि धुणं आठवड्यावर आणा.

एकाचे दोन

गोळा पाचसहा सेंटिमीटरच्या पुढे गेला, किंवा मध्ये खाच पडून दोन भाग व्हायला लागले, की विभागणी करता येते. हिवाळा सगळ्यात बरा. कात्रीने मधून कापलं तर असंख्य तंतू अर्धे होऊन गळतात, म्हणून पाण्याखाली दोन्ही अंगठे मध्यभागी रोवून फांद्या सुटतील तशा बाजूला करा. जिथे अडेल तिथेच कात्री लावा.

प्रत्येक अर्धा भाग दुमडून, म्हणजे आतली बाजू आत आणि बाहेरची बाहेरच राहील असा, ओल्या तळहातांत वळून घ्या. मग पातळ हिरव्या सुती दोऱ्याने चारी दिशांनी सैलसर गुंडाळा. दोरा तंतूंत रुतता कामा नये, फक्त आकार धरून ठेवला पाहिजे. हे गोळे पहिले दोन महिने रोज फिरवा, पण दाबून धुऊ नका, नुसतं पाण्यात हलवून काढा. सुती दोरा काही महिन्यांत आपोआप विरतो. तोवर तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. नायलॉनचा दोरा वापरला असेल तर सहा महिन्यांनी एका जागी कापून सावकाश ओढून काढा. ओढताना गोळा सैल वाटला तर थांबा आणि आणखी दोन महिने तसाच राहू द्या.

धुताना सुटून पडलेले तंतूही मी टाकत नाही. वेगळ्या छोट्या बरणीत साठवते. वाटाण्याएवढे झाले की वळून दोऱ्याचे दोन वेढे देते. अशी एक गोळी तीन वर्षांपूर्वी केली होती. परवा पट्टीला लावून पाहिली, सव्वादोन सेंटिमीटर भरली.